गावची गोष्ट मुलांच्या हाती कशी द्यावी

सुट्टीच्या दिवसांत वाचनालयात, देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या घराच्या सोप्यावर पंधरा-वीस मुले जमवावीत, त्यांना गावची गोष्ट ऐकवावी, ती त्यांच्याकडून कोरून, रंगवून, वठवून घ्यावी आणि शेवटी गावापुढे मांडावी, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे. मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात मराठी शिकवते आणि गेली काही वर्षे उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम करते. त्यातून जे हाती लागले ते इथे क्रमाने सांगते. मात्र सगळ्या पायऱ्या सारख्याच वेळाच्या नाहीत. निम्म्याहून अधिक वेळ गोष्ट मिळवण्यात जातो आणि तो जायलाच हवा.

आधी हे काम कशासाठी करायचे, ते मनाशी पक्के करावे. १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा राशोल येथे मराठीत छापली, तेव्हा त्यांनी ती सुमारे ११ हजार ओव्यांत रचली, कारण इथल्या माणसाच्या कानात ओवीच बसलेली आहे हे त्यांनी ओळखले होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने इथल्या लोकांनी आपली बोली सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असा हुकूम काढला आणि १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानाने धर्मांतरित कुटुंबांना लग्नातली ओवीगीते, लग्नातली इथली वाद्ये, अंगणातली तुळस, विड्याची देवघेव आणि धोतर-चोळीचा पेहराव यांवर बंदी घातली. ही यादी मुलांना सावकाश वाचून दाखवावी आणि विचारावे की एवढ्या मोठ्या सत्तेला लग्नघरातल्या बायकांच्या गाण्याची धास्ती का वाटली असेल. उत्तर आपण देऊ नये. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "गाणे गायले की त्या कोण ते त्यांच्या लक्षात राहिले असते." यापेक्षा नेमके उत्तर मला आजवर सुचलेले नाही. गाणे, सोंग, रांगोळी, भिंतीवरचे चित्र यांत माणसे आपली ओळख जपून ठेवतात आणि ती पुढच्या पिढीला उघडपणे, तिच्या मूळ जागी उभे राहून देणे हाच विरोध असतो. त्याला वेगळ्या घोषणेची गरज पडत नाही. सगळा उपक्रम या एका समजुतीवर उभा करावा.

गोष्ट आणि तिची जागा

एका सुट्टीत एकच गोष्ट घ्यावी आणि ती अशी घ्यावी की जिची जागा पायी किंवा बसने गाठता येईल. अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, मुलांना दूर जावे लागत नाही. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी ही नावे ती रोज बसच्या पाटीवर वाचतात, पण यांतला प्रत्येक देव दुसऱ्या गावाहून इथे आलेला आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊक नसते. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. साष्टी आणि तिसवाडीकडची देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा माणसांनी देव पाठीवर घेऊन, नदी ओलांडून इकडे आणले, कारण फोंड्याचा हा मुलूख तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता. तो १७६३ साली गेला. मुलांना भिंतीवर मोठा कागद लावून द्यावा, त्यावर झुवारी नदी काढायला सांगावी आणि प्रत्येक देवाची वाट वेगळ्या रंगाने आखायला लावावी. चार रेघा नदी ओलांडून एका तालुक्यात उतरताना दिसल्या की वर्गात आपोआप शांतता पसरते. मग कोणीतरी विचारते की मागे राहिलेल्या माणसांचे काय झाले, आणि खरा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो.

सत्तरी तालुक्यातल्या गावांनी नाणूसचा किल्ला घ्यावा. १८५२ साली दीपाजी राणे यांनी तिथून बंड पुकारले आणि ते काही वर्षे चालले. कुशावती नदीच्या काठच्या गावांना उसगाळीमळची जांभ्या खडकातली चित्रे जवळ आहेत. तिथे राजा नाही, लढाई नाही, पण हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बैल, हरिण आणि वेटोळ्यांचा चक्रव्यूह कोरून ठेवला आहे आणि लहान मुलांना तो फार आवडतो.

जिथे गावाचाच दोष आहे अशी गोष्टही टाळू नये, हे मी आग्रहाने सांगते. सत्तरीतल्या झर्मे आणि करंझोळ या गावांत शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, दिवसांत चोरोत्सव होतो. निरपराध वाटसरूंना चोर समजून गावाने मारले, त्याचे प्रायश्चित्त म्हणून तरुण मुलांना जमिनीत अर्धे पुरून घेतले जाते. कुणाचे डोके वर, कुणाचे पाय वर. आपली चूक गाव दरवर्षी सगळ्यांदेखत मांडते. फक्त पराक्रमाच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला परकीय सत्तेचा जुलूम कळतो, पण आपल्या हातून होणारा जुलूम ओळखता येत नाही, म्हणून दर दोन गोष्टींमागे अशी एक तरी असावी.

विचारायला कसे जावे

इथे घाई केली तर पुढचे सगळे बिघडते. माझेच उदाहरण सांगते. धालो या बायकांच्या नाचाची गीते मिळवायची म्हणून मी एकदा मे महिन्यात चार मुलींना घेऊन वाड्यावरच्या एका आजीकडे गेले. आजी सोप्यावर बसून भिरंडे म्हणजे कोकमाची फळे फोडत होती. बिया एका तपेल्यात, साले सुपात, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत लाल. मी फोन पुढे धरला आणि म्हटले, "आजी, एक धालो म्हणून दाखव." तिने हातातले फळ पुरे फोडले, साल सुपात ठेवले आणि म्हणाली, "धालो मांडार. हांगा सोप्यार न्हय." म्हणजे धालो मांडावर, गावच्या ठरलेल्या जागी; इथे सोप्यावर नाही. मुली गप्प झाल्या. मी आणखी एकदा आग्रह केला आणि ती माझी मोठीच चूक झाली, कारण त्यानंतर ती भिरंडांखेरीज कशाविषयीही बोलेना.

दुसऱ्या दिवशी मी फोन घरी ठेवून एकटीच गेले आणि तिच्यासमोर बसून फळे फोडू लागले. अर्ध्या तासाने ती आपणहून सांगू लागली: मांड कुठे, तो कोणी सारवायचा, बायका समोरासमोर दोन रांगांत कशा उभ्या राहतात, एकमेकींच्या कमरेला हात कसे घालतात, एक रांग वाकत पुढे आली की दुसरी कशी मागे सरते. गीत तिने म्हटले नाहीच. ते मला पौषात, मांडावर, इतर बायकांबरोबर उभे राहून ऐकायला मिळाले.

यातून जे नियम आम्ही केले ते असे. पहिल्या भेटीत काहीही मागायचे नाही. रिकाम्या हातांनी जायचे आणि त्या घरात जे काम चालले असेल त्याला हात लावायचा, मग ते भिरंडे असोत, काजू असोत की चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी आणलेली रानफळे बांधणे असो. ज्या गीताला ऋतू आणि जागा आहे ते त्या ऋतूत आणि त्या जागीच ऐकायचे. मांडावर चप्पल घालून जायचे नाही, आणि गावच्या जाणत्याला सांगितल्याशिवाय तर अजिबात जायचे नाही. ध्वनिमुद्रण करायचे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत स्पष्ट विचारायचे, ते कुठे वाजवणार हेही सांगायचे, आणि 'नको' म्हटले तर दुसऱ्या वाटेने पुन्हा विचारायचे नाही. काही गोष्टी गावाबाहेर न सांगण्याच्या असतात आणि ज्या समाजाने इतकी वर्षे आपले पुष्कळ काही लपवून वाचवले त्याला हा हक्क आहेच.

मुलांनी घरी विचारायचे प्रश्न लहान आणि वस्तूला धरून असावेत. "आपली संस्कृती काय आहे?" असे विचारले तर आजोबा भाषण देतात. "आपल्या घरी गणपती मातीचा की कागदाचा?" असे विचारले तर गोष्ट निघते, कारण गोव्यात काही घराण्यांत आजही कागदावर काढलेल्या गणपतीची किंवा पत्रीची पूजा होते आणि मूर्ती सापडली तर धोका होता म्हणून ही रीत पडली असे त्या घरांतले वडीलधारे सांगतात. "तुझ्या पणजीला कोणती सोंगे आठवत होती?", "या विहिरीवर रात्री का जात नव्हते?", "राखणदाराला रोट का देतात?" हे प्रश्न मुलांच्या तोंडी शोभतात आणि त्यांची उत्तरे तयार नसतात.

लिहून कसे घ्यावे

प्रत्येक मुलाकडे एक वही असावी. डाव्या पानावर जे ऐकले ते सांगणाऱ्याच्या बोलीत, जसेच्या तसे. उजव्या पानावर त्याचा अर्थ आणि आपले प्रश्न मराठीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोंकणी आणि वहीत मराठी अशी सवय असते, त्यामुळे लिहिताना हात आपोआप शब्द सुधारू लागतो. तो आवरावा. मांडावर ऐकलेले गीत मी दुसऱ्या दिवशी सकाळी आठवून लिहिले आणि आजीला वाचून दाखवले, तेव्हा तिने मला एका शब्दापाशी थांबवले. मी 'मांडावर' लिहिले होते. ती उठली, दोन पावले पुढे आली, वाकली आणि म्हणाली की तुझ्या शब्दात पाऊल पडत नाही. 'मांडार' म्हटले की दुसऱ्या अक्षरावर पाय टेकतो. मी घातलेल्या एका जास्तीच्या अक्षराने पाय हवेतच राहत होता. त्या दिवसापासून आम्ही गीत लिहिताना कुठे पाऊल पडते तिथे अक्षराखाली टिंब देतो.

मग पडताळणी करावी. वहीत तीन रंगांची पेने वापरावीत: कागदोपत्री नोंद आहे ते निळ्याने, गाव सांगते ते हिरव्याने, आपण जोडले ते लालने. कुंकळ्ळीची गोष्ट या रीतीने केली तर किती वेगळी उमटते पाहा. १५८३ सालच्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी आपली देवळे पाडणाऱ्यांविरुद्ध उठाव केला आणि त्यात पाच जेझुइट पाद्री मारले गेले. नंतर गावच्या १६ प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. हे निळे. त्यांतला एकजण निसटला ही आठवण हिरवी. त्या रात्री गावातल्या घरांत काय बोलणे झाले असेल ते मुलांनी रचलेले, म्हणून लाल. लाल भाग वाईट नाही. नाटक त्यातूनच उभे राहते. फक्त तो लाल आहे हे मुलाला आणि पाहणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, कारण आपल्या बाजूची म्हणून खोटी भर घातलेली गोष्ट एकदा उघडी पडली की तिच्या शेजारच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

त्याच कुंकळ्ळीचा छत्रोत्सव मुलांना जरूर दाखवावा. देवी शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला नेली गेली आणि शिगम्याच्या दिवसांत आजही तिची मिरवणूक फातर्प्याहून आपल्या जुन्या जागी येते, बारा वांगडांच्या, म्हणजे कुळांच्या, बारा छत्र्या घेऊन. गुलालात न्हालेल्या गर्दीत त्या छत्र्या डुलत येतात, आणि जे पुस्तकात एका परिच्छेदात संपते ते दरवर्षी पायांनी चालून पुन्हा सांगितले जाते. एवढेही मुलांना सांगावे की त्या वांगडांतली काही घरे आज ख्रिस्ती आहेत आणि तीही या आठवणीची वारस आहेत. मारले गेलेले पाद्री निःशस्त्र होते हेही लपवू नये. गोष्ट आजच्या शेजाऱ्याविरुद्ध वापरली जाऊ लागली तर सांगणाऱ्याने तिथेच थांबावे. ज्या सत्तेविरुद्ध ती लढाई होती ती सत्ता शेजारच्या घरात राहत नाही.

हाताला काम

ऐकलेले हातातून उतरले की टिकते. आमच्याकडे सगळ्यात जमलेले काम कावी कलेचे आहे. मोरजीच्या मोरजाई देवळात आणि किनाऱ्यावरच्या इतर काही जुन्या देवळांत भिंतीवर लाल-पांढरी वेलबुट्टी दिसते ती हीच. शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर काव म्हणजे लाल माती मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच लोखंडी टोच्याने लाल खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचे. यात रंग भरायचा नसतो, काढायचा असतो, आणि झाकलेले उघडे करण्याची ही रीत आपल्या कामाला इतकी जुळते की मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

मुलांसाठी ती सोपी करून घ्यावी. ताज्या चुन्याने हात आणि डोळे भाजतात, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नये. प्लायवूडच्या हातभर फळीवर पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात द्यावेत आणि एक रात्र सुकू द्यावे. गेरूत थोडा डिंक कालवून त्याचा दाट पण सारखा थर वरून द्यावा आणि हवामान पाहून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. बोट लावले तर ओलसर लागते पण बोटाला रंग चढत नाही, ही खरी वेळ. याआधी कोरले तर कडा फाटतात, नंतर कोरले तर खपल्या निघतात. कोरायला जुन्या कंपासचे टोक उत्तम. एका फळीवर एकच प्रसंग असावा. देव पाठीवर घेतलेला माणूस, होडी, नदी. यांहून अधिक काढू देऊ नये, नाहीतर फळी गजबजते आणि गोष्ट हरवते.

वाद्यांसाठी घुमट (तोंडावर कातडे ताणलेले मातीचे मडके), शामेळ हा लहान ढोल आणि कांसाळे म्हणजे झांजा पुरे. गोव्याने २०१९ साली घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले आहे. घोरपडीचे कातडे कायद्याने बंद आहे, म्हणून बकऱ्याच्या कातड्याचेच घुमट घ्यावे आणि तसे का ते मुलांना सांगावे. चवथीची आरती ज्या मुलाला वाजवता येते त्याला गोष्टीची साथ शिकवायला एक संध्याकाळ लागते.

मोठ्या मुलांना ध्वनिनाट्य द्यावे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत सरहद्दीच्या रानातून गुप्त नभोवाणी चालवली आणि डिसेंबर १९६१ मध्ये मुक्तीची बातमी विमानातून गोव्याच्या आकाशात ऐकवली. आज ज्यांच्या खिशात फोन आहे त्या मुलांना फक्त आवाजाच्या जोरावर अंधारात कुणाला तरी धीर द्यायला सांगा. दहा मिनिटांची संहिता ती स्वतः लिहितात.

सांगणे आणि मांडणे

सांगण्याचा सराव उभ्याने करावा, कागद न घेता, आणि गोष्ट दहा मिनिटांच्या आत संपवावी. सुरुवात सालापासून करू नये, जागेपासून करावी: "ही पायरी बघा, इथे पालखी टेकली होती." साल मध्येच, गरज लागेल तेव्हा यावे. वाचिक अभिनयाचा मोह आपल्याकडे मोठा आहे, कारण प्रत्येक वाड्यावर जत्रेचे नाटक होते आणि प्रत्येक मुलाने तलवार उपसणारा नट पाहिलेला असतो. तो आवाज इथे उतरवून घ्यावा. शेजारी बसलेल्या आजीला ऐकू जाईल एवढाच आवाज ठेवला की मुले ओरडायची थांबतात आणि सांगू लागतात.

गोष्ट आजच्या प्रश्नापर्यंत पोहोचली तर तिला अडवू नये. २०२० साली मोले अभयारण्यातून जाणाऱ्या रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग आणि वीजवाहिनीच्या प्रकल्पांना विरोध झाला तेव्हा तरुण चित्रकारांनी तिथली फुलपाखरे, झाडे आणि प्राणी काढून लोकांपुढे ठेवले, गाणी रचली, आणि मोले कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हते त्यांना त्या रानाची ओळख झाली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली. निकाल चित्रांमुळे लागला असे सांगू नये, तो पुराव्यांवर लागतो. पण एखादे रान आपले वाटायला आधी ते डोळ्यांपुढे यावे लागते. आपल्या गावात तळी बुजत असेल, मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाणी अडवण्याच्या झडपेचे, दार मोडून खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) खारे पाणी शिरत असेल, तर मुलांनी त्या तळीची, त्या मानशीची जुनी गोष्ट शोधावी आणि ती तिच्या काठावर उभे राहून सांगावी. घोषणा लिहून देऊ नयेत. मुलांच्या तोंडून मोठ्यांचे राजकारण बोलले जाते आहे असे गावाला एकदा वाटले की पुढल्या वर्षी मुले येत नाहीत.

सादरीकरणाचा दिवस गावच्या जाणत्यांना विचारून ठरवावा, नारळ ठेवून गाऱ्हाणे घालावे आणि ज्यांनी गोष्टी दिल्या त्यांना पहिल्या रांगेत बसवावे. व्यासपीठ, पाहुणे, सत्कार यांत वेळ दवडू नये. कावीच्या फळ्या मांडाच्या कडेला उभ्या कराव्यात, प्रत्येक फळीजवळ ती कोरणारे मूल उभे असावे आणि लोकांनी फिरत फिरत ऐकावे. रंगमंचापेक्षा ही रीत मला बरी वाटते, कारण आजोबा मध्येच थांबवून चूक सांगू शकतात.

नंतर प्रत्येक वहीची एक छायाप्रत काढून ती सांगणाऱ्याच्या घरी मुलानेच नेऊन द्यावी आणि एक प्रत वाचनालयात ठेवावी. मूळ वही मुलाकडेच राहावी. तिची शेवटची दहा पाने मात्र आधीपासून कोरी सोडावीत, कारण प्रयोग संपवून घरी जाताना वाटेत कुणीतरी हमखास गाठते आणि म्हणते की आमच्या वाड्यावर ही गोष्ट जरा वेगळी सांगतात. त्या वेळी मुलाच्या हातात पेन असायला हवे.